रोजची लढाई थांबवायची तर सुरुवात कुठून करायची? ओडीडी असलेल्या मुलाच्या पालकांसाठी

निदानाच्या कागदावर ‘ऑपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर’ (ओडीडी, म्हणजे सततचा चिडकेपणा आणि अवज्ञा यांचा विकार) हे शब्द पहिल्यांदा वाचले तेव्हा माझा मुलगा सहा वर्षांचा होता. त्याच दिवशी सकाळी बूट घालण्यावरून आमचं चाळीस मिनिटं भांडण झालं होतं. डॉक्टरांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘या चाळीस मिनिटांत तुम्ही काय काय बोललात?’’ त्याने काय केलं ते मला घडाघडा सांगता येत होतं. मी काय बोलले, त्यातलं एक वाक्य धड आठवेना.

पुढे आम्ही जे काही शिकलो ते त्या प्रश्नाभोवतीच फिरतं. मूल काय करेल ते थेट आपल्या हातात नसतं; त्याच्या आधी आणि नंतर आपण काय करतो ते असतं. त्यातही क्रम महत्त्वाचा आहे. आधी नातं, मग सूचना, सगळ्यात शेवटी शिक्षा. आमच्या घरी हा क्रम बरोबर उलटा चालला होता. शिक्षेपासून सुरुवात, तिचा उपयोग झाला नाही की आणखी मोठी शिक्षा, आणि नात्याची पाळी कधी यायचीच नाही.

हा लेख त्या क्रमानेच लिहिला आहे. वाचताना थेट शिक्षेच्या भागावर उडी मारावीशी वाटेल. मीही तेच केलं होतं.

निदानात नेमकं काय असतं

हट्टीपणा, उलट उत्तरं, आदळआपट हे सगळं कुठल्याही मुलात थोडंफार असतंच. ओडीडी म्हणायचं ते केव्हा, हे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदान-पुस्तिकेत (तिची पाचवी आवृत्ती २०१३ सालची) स्पष्ट केलेलं आहे. तिथे आठ लक्षणं तीन गटांत दिली आहेत. पहिला गट चिडक्या मनःस्थितीचा: राग वारंवार अनावर होणं, लहानसहान गोष्टी लागणं, सतत धुमसत राहणं. दुसरा वाद आणि अवज्ञेचा: मोठ्यांशी हुज्जत, सांगितलेलं धुडकावून लावणं, मुद्दाम दुसऱ्याला डिवचणं, स्वतःच्या चुकीचं खापर इतरांवर फोडणं. तिसऱ्या गटात एकच लक्षण, डूख धरणं. गेल्या सहा महिन्यांत किमान दोनदा तसं वागलेलं असलं पाहिजे.

आठांपैकी किमान चार लक्षणं, किमान ६ महिने, आणि तीही भावंडं सोडून निदान एका व्यक्तीशी वागताना दिसायला हवीत. पाच वर्षांखालच्या मुलांत हे वागणं बहुतेक दिवशी दिसतं का ते पाहतात, त्याहून मोठ्यांत आठवड्यातून किमान एकदा. मुलांमध्ये याचं सरासरी प्रमाण ३.३ टक्क्यांच्या आसपास धरलं जातं. म्हणजे हे काही विरळा नाही. लोक बोलत नाहीत, एवढंच.

तीव्रता ठरते ती हे वागणं किती ठिकाणी दिसतं त्यावरून. एकाच ठिकाणी, बहुतेकदा घरी, दिसलं तर सौम्य; दोन ठिकाणी मध्यम; तीन किंवा अधिक ठिकाणी तीव्र. या ‘सौम्य’ शब्दाने मला फार दुखावलं होतं, कारण आमच्या घरात सौम्य असं काहीच उरलं नव्हतं. पण त्यातून एक गोष्ट कळली. शाळेत शहाण्यासारखं वागणारं आणि घरी पाऊल टाकताच पेटणारं मूल नाटक करत नसतं. दिवसभर सावरून धरलेला तोल ते जिथे सुरक्षित वाटतं तिथे सोडून देतं. ‘‘शाळेत बरा राहतो, म्हणजे घरी तुमचंच चुकतं’’ असं कुणी ऐकवलं तर ते मनाला लावून घेऊ नका.

कारणांबद्दल थोडक्यात. जन्मजात तापट स्वभाव, आनुवंशिकता, घरातला ताण, कधी अति कडक तर कधी अगदी सैल अशी शिस्त, या सगळ्यांची त्यात सरमिसळ असते. कुणा एकाकडे बोट दाखवता येत नाही. पण शिस्तीचा धागा आपल्या हातात आहे, म्हणून उपचार तिथून सुरू होतो.

खाली काय दडलंय ते आधी तपासा

हा टप्पा बरेच जण गाळतात. ओडीडी फार कमी वेळा एकटा येतो. सर्वांत जास्त आढळणारी जोड एडीएचडीची, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्थिर बसणं जड जाण्याच्या विकाराची. तिथे मूल सूचना धुडकावतं असं दिसतं, पण कित्येकदा ती त्याच्यापर्यंत पोचलेलीच नसते. काही मुलांत खाली चिंता असते. अनोळखी किंवा अवघड गोष्ट टाळण्याचा ‘नाही’ हा त्यांचा मार्ग असतो. वाचन-लेखनातली अडचण, भाषा समजण्यातली अडचण, अपुरी झोप, कमी ऐकू येणं, यांतूनही हुबेहूब असंच वागणं निर्माण होऊ शकतं. ज्यांच्यात चिडकेपणाची लक्षणं जास्त असतात त्या मुलांना पुढे चिंता आणि नैराश्याचा धोका अधिक असतो, त्यामुळे ‘रागीट आहे’ म्हणून सोडून देऊ नका.

बालमानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा बालविकासतज्ज्ञाकडे जाल तेव्हा थेट विचारा: एडीएचडी, चिंता, शिकण्यातल्या अडचणी, भाषा, झोप आणि श्रवण यांची तपासणी झाली का? ओडीडीसाठी म्हणून खास मान्यता मिळालेलं औषध नाही. सोबत एडीएचडी असेल तर त्याच्या औषधाने अवज्ञाही कमी होताना दिसते. तीव्र आक्रमकतेसाठी कधी वेगळी औषधं दिली जातात. त्यांचे वजन वाढण्यासारखे दुष्परिणाम असल्याने तो निर्णय तज्ज्ञाच्या सततच्या देखरेखीखालीच व्हायला हवा. मुख्य उपचार म्हणजे पालकांचं प्रशिक्षण. हे ऐकून मला सुरुवातीला अपमान झाल्यासारखं वाटलं होतं. आजारी तो, आणि शिकायचं मी?

चक्र कसं फिरतं

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात जेराल्ड पॅटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुटुंबांच्या घरी जाऊन, मुलं आणि पालक एकमेकांशी क्षणाक्षणाला कसे वागतात याच्या नोंदी केल्या. त्यातून त्यांनी मांडलेलं चक्र समजलं की माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळतं.

तुम्ही म्हणता, ‘‘टॅबलेट ठेव.’’ मूल म्हणतं, ‘‘नाही.’’ तुमचा आवाज चढतो, त्याचाही चढतो. ते किंचाळतं, काहीतरी फेकतं. तुम्ही थकलेल्या असता, पाहुणे बसलेले असतात, म्हणून म्हणता, ‘‘बरं, पाचच मिनिटं.’’ किंचाळणं थांबतं. त्या क्षणी दोघांनाही बक्षीस मिळालेलं असतं. मुलाला कळतं की पुरेसं ओरडलं की सूचना मागे घेतली जाते. तुम्हाला कळतं की माघार घेतली की शांतता मिळते. दुसऱ्या दिवशी तुम्ही माघार घेत नाही, दटावता, हात उगारता, आणि या वेळी मूल घाबरून ऐकतं. आता तुम्हाला कळतं की पुरेसं ओरडलं की काम होतं. म्हणजे एकाच घरात दोघंही एकमेकांना आवाज चढवायला शिकवत असतात, आणि प्रत्येक फेरीला पट्टी थोडी वरची लागते.

यात कुणी दुष्ट नाही. पण हे चक्र मुलाने तोडावं अशी वाट पाहण्यात वर्षं जातात. ते लहान आहे, आपण मोठे आहोत.

पहिली पायरी: एक आठवडा फक्त लिहा

पहिला आठवडा काहीही बदलू नका. एक छोटी वही घ्या आणि प्रत्येक भांडणाच्या चार गोष्टी टिपा: वेळ, त्याआधी लगेच काय घडलं, मुलाने काय केलं, त्यानंतर तुम्ही काय केलंत. शेवटचा रकाना प्रामाणिकपणे भरा. ‘मी समजावलं’ असं लिहू नका; समजावताना जी सात वाक्यं बोललात ती लिहा.

आमच्या वहीत आठवड्याला एकवीस भांडणं निघाली. त्यातली चौदा तीनच वेळांना होती: सकाळी निघताना, शाळेतून आल्यावर पहिला अर्धा तास, आणि टॅबलेट बंद करताना. तो ‘दिवसभर भांडतो’ असं मी सगळ्यांना सांगत होते, आणि ते खरं नव्हतं.

मग यादीतल्या वागण्याची विभागणी करा. मारणं, पळून जाणं, वस्तू अंगावर फेकणं हे सुरक्षिततेचं, तिथे तडजोड नाही. उरलेल्यांतून फक्त दोन गोष्टी निवडा आणि बाकीच्या सध्या सोडून द्या. खरंच सोडून द्या. विस्कटलेली खोली, तोंड वाकडं करणं, न जुळणारे मोजे, यांवर पुढचे दोन महिने एक शब्द नाही. हे घरातल्या सगळ्या मोठ्यांना पटवणं, हा बहुधा सगळ्यात अवघड भाग.

दुसरी पायरी: रोज पाच मिनिटं

लहान मुलांसाठीच्या पालक-बालक संवाद उपचारात, जो शीला आयबर्ग यांनी १९७० च्या दशकात विकसित केला, पालकांना सगळ्यात आधी खेळायला शिकवतात. दोन ते सात वर्षांच्या मुलांसाठी तो बेतलेला आहे, पण त्याचा गाभा मोठ्या मुलांनाही लागू पडतो.

रोज पाच मिनिटं, ठरलेल्या वेळी, मूल ठरवेल ते खेळायचं. चित्रं, ठोकळे, माती, गाड्या. हार-जीत असलेले खेळ नकोत आणि मोबाइल-टीव्हीचा पडदा नको. या पाच मिनिटांत तीन गोष्टी वर्ज्य: सूचना, प्रश्न, टीका. ‘‘हा निळा ठोकळा इथे लावून बघ ना’’ ही सूचना झाली. ‘‘हे काय केलंस, घर का?’’ हा प्रश्न. प्रश्न तर निरुपद्रवी वाटतो, पण तो विचारला की खेळाची सूत्रं तुमच्या हातात येतात, आणि या मुलांना दिवसभर सूत्रं दुसऱ्याच्या हातातच दिसत असतात.

मग करायचं काय? ते करतंय त्याचं नुसतं वर्णन करा: ‘‘तू लाल ठोकळ्यांची भिंत रचतोयस.’’ ते बोललं तर तेच त्याला परत सांगा: ‘‘हो, ही गाडी आता उडते.’’ ते करतं तसं तुम्हीही करा. आवडलं ते नेमक्या शब्दांत सांगा: ‘‘भिंत पडली तरी तू शांतपणे पुन्हा रचायला घेतलीस.’’ आणि हे सगळं मनापासून करा, कारण खोटेपणा त्यांना लगेच कळतो.

पहिल्या दिवशी मला दोन मिनिटंसुद्धा प्रश्नाशिवाय बोलता आलं नाही. मुलगा चौथ्या दिवशी म्हणाला, ‘‘आई, तू अशी का बोलतेस?’’ मी म्हटलं, ‘‘मी शिकतेय.’’ त्याला ते पुरेसं वाटलं.

एक नियम मात्र मोडायचा नाही. दिवस कितीही वाईट गेला असला तरी ही पाच मिनिटं शिक्षा म्हणून काढून घ्यायची नाहीत. वाईट दिवशी तर ती हवीतच. बारा वर्षांच्या मुलाशी ठोकळे खेळता येणार नाहीत. तिथे सोबत सायकल दुरुस्त करणं, त्याची आवडती गाणी ऐकणं, चक्कर मारून येणं. अट तीच: उपदेश नाही, चौकशी नाही.

दोन-तीन आठवडे इथेच थांबा. पुढच्या पायऱ्या याच्यावर उभ्या आहेत.

तिसरी पायरी: हवं ते पकडा

येल विद्यापीठात पालक प्रशिक्षणावर दीर्घकाळ काम केलेले ॲलन कॅझडिन एक साधी गोष्ट सांगतात. जे वागणं थांबवायचं आहे त्याच्या जागी काय हवं आहे ते आधी ठरवा, आणि ते दिसलं की तिथल्या तिथे कौतुक करा. ‘ओरडू नये’ हे उद्दिष्ट नाही. ‘नको असेल तेव्हा साध्या आवाजात नको म्हणणं’ हे उद्दिष्ट आहे.

कौतुक नेमकं आणि लगेच हवं, आणि त्याला शेपूट नको. ‘‘शाब्बास, आज बूट पहिल्या हाकेला घातलेस’’ इथे थांबायचं. ‘‘...रोज असंच केलंस तर किती बरं होईल’’ असं जोडलंत की कौतुकाचा टोमणा होतो. ही शेपटं माझ्या तोंडून आपोआप यायची. ती छाटायला दोन महिने लागले. काही मुलांना चारचौघांत केलेलं कौतुक सोसत नाही, ती लगेच उलटं वागून दाखवतात. त्यांच्या कानाशी हळू सांगा, किंवा नुसती पाठीवर थाप द्या.

बक्षिसांचा तक्ता लावायचा तर एकाच वागण्यासाठी, लहान बक्षिसांसह, आणि मिळवलेला तारा कधीही परत काढून न घेता.

याची दुसरी बाजू म्हणजे कानाडोळा. कुरकुर, डोळे फिरवणं, ‘‘तू वाईट आहेस’’ असं म्हणणं, दुरुत्तरं, या गोष्टी आपल्या लक्ष देण्यावर पोसल्या जातात. तिकडे बघू नका, बोलू नका, सुस्कारा टाकू नका. आणि आवाज जरा खाली आला की लगेच वळून बोला. सुरुवातीला हे वागणं वाढेल. आजवर ज्या बटणाने दार उघडत होतं ते चालेनासं झालं की आपणही ते आणखी जोराने दाबतो, तसंच ते आहे. या वाढीच्या काळात हार मानलीत तर मूल एवढंच शिकतं की आता आणखी जोरात ओरडावं लागतं. म्हणून ज्याच्याकडे शेवटपर्यंत दुर्लक्ष करणं झेपेल, त्याच्याकडेच दुर्लक्ष करायला घ्या. मारहाण किंवा धोकादायक काही असेल तर कानाडोळा करायचा नाही.

चौथी पायरी: सूचना कशी द्यायची

माझ्या त्या न आठवणाऱ्या वाक्यांचा शोध वहीत लागला. मी सूचना देतच नव्हते. मी विनवत होते, विचारत होते, धमकावत होते, इतिहास सांगत होते.

‘‘बूट घालशील का राजा?’’ या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर अगदी योग्य आहे. ‘‘आपण आता आवरूया हं’’ यात आवरायचं कुणी? ‘‘नीट वाग’’ म्हणजे काय करायचं? ‘‘किती वेळा सांगायचं तुला? काल पण उशीर झाला, परवा पण, आता बाई ओरडतील, मग माझ्याकडे येऊ नकोस’’ यात सूचना कुठे आहे?

चांगली सूचना अशी असते: जवळ जाऊन, मुलाच्या उंचीवर येऊन, नाव घेऊन, साध्या आवाजात, एका वेळी एकच, आणि काय करायचं ते सांगणारी. ‘‘बूट पायात घाल.’’ ‘‘टॅबलेट माझ्या हातात दे.’’ ‘‘भिंतीवर नको, कागदावर काढ.’’ कारण सांगायचं असेल तर आधी सांगा: ‘‘पाच मिनिटांत निघायचंय. बूट घाल.’’ सूचना झाल्यावर सांगितलेलं कारण म्हणजे वादाचं आमंत्रण असतं.

मग गप्प राहून मनात पाच आकडे मोजा. हे पाच सेकंद फार लांब वाटतात. या काळात पुन्हा सांगू नका. मुलाने हालचाल सुरू केली, अगदी कुरकुरत का होईना, की तिथेच म्हणा, ‘‘लगेच ऐकलंस, छान.’’ कुरकुरीबद्दल चकार शब्द नाही.

जमेल तिथे दोन पर्याय द्या, दोन्ही तुम्हाला मान्य असलेले: ‘‘काळे बूट की निळे?’’ आणि दिवसभरातल्या सूचनांची संख्या निम्म्यावर आणा. आमच्याकडे सकाळच्या पाऊण तासात मी तीसहून अधिक सूचना देत होते. कपडे रात्रीच काढून ठेवणं, दाराजवळ कामांची चित्रं लावणं, टॅबलेटला गजर लावणं, एवढ्यावर त्या दहावर आल्या. जी सूचना देणार नाही तिच्यावरून भांडण होणार नाही.

पाचवी पायरी: परिणाम

आता कुठे शिक्षेकडे येऊ. सूचना दिली, पाच सेकंद झाले, मूल हललं नाही. एकदाच इशारा: ‘‘टॅबलेट दिला नाहीस तर आज संध्याकाळी मिळणार नाही.’’ पुन्हा पाच सेकंद. मग परिणाम लागू करायचा, आवाज न चढवता, भाषण न देता. परिणाम छोटा, लगेच होणारा आणि तुम्हाला नक्की अमलात आणता येईल असा असावा. रागात ‘‘महिनाभर टॅबलेट बंद’’ म्हटलं तर चौथ्या दिवशी आपणच तो देतो, आणि आपल्या शब्दाची किंमत तेवढी घटते. शिवाय महिनाभर काढून घेतलं तर उद्या काढून घ्यायला काय उरलं?

लहान मुलांसाठी टाइम-आउट उपयोगी पडतो, पण नीट केला तरच. त्याचा अर्थ कोंडणं नव्हे, लक्ष आणि मजा थोडा वेळ थांबवणं. ठरलेली कंटाळवाणी पण सुरक्षित जागा, तीन ते पाच मिनिटं, शेवटचे काही क्षण शांत बसलं की संपलं. वेळ लांबवल्याने परिणाम वाढत नाही. संपल्यावर मूळ सूचना पुन्हा द्यायची, नाहीतर टाइम-आउट ही कामातून सुटकेची वाट ठरते. मानसिक आघाताच्या घटनांतून गेलेल्या किंवा एकटं राहायला घाबरणाऱ्या मुलासाठी हा उपाय तज्ज्ञाला विचारल्याशिवाय वापरू नका.

मारू नका. मारल्याने त्या क्षणी मूल थांबतं म्हणून ते उपयोगी वाटतं, पण मारामुळे मुलांची आक्रमकता आणि अवज्ञा पुढे वाढते असंच अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही २०१८ मध्ये त्याविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली. मी मारलेलं आहे. त्याची माफी मुलाकडे मागितली आहे. धाक बसवण्यासाठी चालवली जाणारी कडक शिबिरंही टाळा, त्यांनी ही मुलं सुधारत नाहीत.

वादळ चालू असताना

मूल पूर्ण पेटलेलं असतं तेव्हा त्याला काही शिकवता येत नाही. त्या वेळी उद्दिष्ट एकच, कुणाला इजा न होणं. भावंडांना दुसऱ्या खोलीत पाठवा. काचेच्या, टोकदार वस्तू हलवा. समोर उभं राहू नका, जरा तिरकं आणि खाली बसा, दार अडवू नका. बोलायचंच तर चार शब्द, हळू: ‘‘मी इथेच आहे.’’ तुमचा स्वतःचा तोल जाऊ लागला आणि मूल सुरक्षित असेल, तर ‘‘मी पाणी पिऊन येते’’ म्हणून दोन मिनिटं बाजूला व्हा.

वादळ शमल्यावर मुलं गळून जातात. कित्येकदा त्यांना लाज वाटत असते. तो तास झाडाझडतीचा नाही. पाणी द्या, जवळ बसा. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी.

मोठ्या मुलांशी: दुसऱ्या दिवशीचं बोलणं

साधारण सात-आठ वर्षांपुढे नुसत्या परिणामांवर भागत नाही. मानसशास्त्रज्ञ रॉस ग्रीन यांची मांडणी अशी की जमत असतं तेव्हा मुलं नीटच वागतात. वागत नाहीत तिथे लवचिकपणा, निराशा सोसणं, प्रश्न सोडवणं यांपैकी एखादं कौशल्य कमी पडतंय. म्हणून नेहमी पेटणारा प्रसंग निवडायचा आणि शांत वेळी मुलासोबत सोडवायचा. आधी त्याची बाजू पूर्ण ऐकायची, मग आपली काळजी सांगायची, मग दोघांना चालेल असा तोडगा शोधायचा. ओडीडीच्या मुलांवरचा एक तुलनात्मक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ही पद्धत आणि वर सांगितलेलं पालक प्रशिक्षण यांचा फायदा जवळजवळ सारखाच दिसला. आम्ही दोन्ही वापरलं.

आमचं एक बोलणं असं झालं. ‘‘गृहपाठाची वही काढायची वेळ आली की तुला जड जातं असं मला दिसलंय. काय होतं?’’

‘‘माहीत नाही.’’

‘‘बरं. घाई नाही.’’ मी थांबले. पूर्वी इथेच मी उत्तर सुचवायचे.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, ‘‘लिहिलं की हात दुखतो. आणि मग बाई म्हणतात घाणेरडं अक्षर.’’

दोन वर्षं आम्ही ज्याला गृहपाठाची अवज्ञा म्हणत होतो ती ही होती. तपासणी झाली आणि लेखनातली अडचण निघाली. शाळेने उदाहरणं निम्मी करायला आणि काही उत्तरं तोंडी द्यायला परवानगी दिली. गृहपाठाची भांडणं संपली नाहीत, पण रोजची आठवड्यातून एकदोनवर आली.

घरातले बाकीचे मोठे, आणि शाळा

आई कडक, बाबा मवाळ, आजी गुपचूप टॅबलेट देणारी, अशा घरात चक्र तुटत नाही. सगळ्यांनी सगळं शिकावं ही अपेक्षा ठेवू नका. निवडलेल्या दोन गोष्टींवर सगळ्यांचं एकच उत्तर असेल, एवढंच ठरवा. आजी-आजोबांना ‘करू नका’ची यादी देण्यापेक्षा पाच मिनिटांच्या खेळाचं काम द्या, ते आपल्यापेक्षा चांगलं करतात. मुलासमोर एकमेकांचे निर्णय बदलू नका, नंतर बोला.

शिक्षकांना भेटताना निदानाचा कागद पुढे सरकवून थांबू नका. काय केल्याने तो शांत होतो ते सांगा: सूचना जवळ येऊन द्यावी, वर्गासमोर खडसावू नये, तापल्यावर काहीतरी आणायला बाहेर पाठवावं. दिवसाअखेर एकाच उद्दिष्टाची छोटी खूण वहीत मिळाली आणि तिचं कौतुक घरी झालं, तर दोन्हीकडचा धागा जोडला जातो. भावंडांनाही त्यांची स्वतःची पाच मिनिटं हवीत. भांडणांच्या सावलीत त्यांच्याकडे लक्ष द्यायचं राहून जातं.

आणि तुम्ही. सतत नकार ऐकणारा माणूस आतून खचतो. झोप लागत नसेल, मुलाचा आवाज ऐकून छातीत धडधडत असेल, मुलाविषयी काहीच वाटेनासं झालं असेल, तर स्वतःसाठी समुपदेशन घ्या. पालकाचं नैराश्य बरं झालं की मुलांच्या वागण्यातही फरक दिसतो.

तज्ज्ञांकडे तातडीने केव्हा

मूल मरण्याबद्दल किंवा स्वतःला इजा करण्याबद्दल बोलत असेल, तर ‘नाटक’ म्हणून सोडू नका, त्याच दिवशी मदत घ्या. प्राण्यांना किंवा माणसांना क्रूरपणे इजा करणं, आग लावणं, चोऱ्या, घरातून पळून जाणं, शस्त्र उगारणं, यांतही थांबू नका. ओडीडी असलेल्या बहुतेक मुलांत पुढे गंभीर वर्तनविकार होत नाही. पण ही चिन्हं दिसली तर लवकर उपचार सुरू होणं फार महत्त्वाचं असतं.

किती दिवस लागतात

प्रशिक्षण साधारण १२ ते २० आठवड्यांचं असतं. पहिला बदल मला पाचव्या आठवड्यात दिसला: भांडणं तितकीच होती, पण लवकर संपत होती. संख्या त्यानंतर कमी झाली. सुट्ट्या, आजारपण, घर बदलणं, परीक्षा यांनंतर जुनं चक्र परत येतं, आणि अशा वेळी शिक्षा वाढवण्याचा मोह होतो. त्याऐवजी पहिल्या पायरीवर परत जा, एक आठवडा नुसतं लिहा.

आम्ही ती वही आजवर चार वेळा पुन्हा काढली. शेवटची वेळ गेल्या परीक्षेच्या दिवसांतली. मी लिहायला बसले आणि तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की आमची पाच मिनिटं तीन आठवड्यांपासून बंद पडली होती. त्या संध्याकाळी मी त्याच्या खोलीत जाऊन खाली बसले. त्याने काही न विचारता ठोकळ्यांचा डबा पुढे सरकवला.